एकशे पंधरा अंश

मुलांनी त्यांचं नाव निम्मेबाई ठेवलं, त्याला एकोणीस वर्षं होऊन गेली होती. ज्यांनी ते ठेवलं ती पोरं आता स्वतः आईबाप झाली होती, पण नाव काही जुनं होत नव्हतं. कारण साधं होतं. बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्या वर्गात वर्तुळाचा धडा सुरू झाला की बाई फळ्यावर एक वर्तुळ काढायच्या, त्यात जीवा ओढायच्या, जीवेची दोन्ही टोकं केंद्राला जोडायच्या, मग तीच टोकं वर्तुळाच्या कडेवरच्या एका बिंदूला जोडायच्या आणि मागे वळून विचारायच्या, "केंद्राशी झालेल्या कोनाच्या हा कडेवरचा कोन किती?"

"निम्मा!" अख्खा वर्ग ओरडायचा. शेजारच्या वर्गातले भूगोलाचे सर नकाशावर छडी टेकवून गप्प उभे राहायचे. त्यांना ठाऊक असायचं, आता हे अजून पाच-सहा वेळा होणार.

बाईंनी सुताराकडून एक गोल फळी करून घेतली होती. फळीच्या कडेने खिळे ठोकलेले. दोन खिळ्यांना लाल दोरा बांधायचा, तिसऱ्या खिळ्यावरून तो ओढून घ्यायचा, झाला कोन. मग तिसरा खिळा बदलत जायचं, डावीकडे, उजवीकडे, मधोमध, आणि दर वेळी मुलांकडून कोनमापक लावून घ्यायचा. दर वेळी तेच माप. मुलं चक्रावून जायची. काही जण कोनमापक पुसून पुन्हा लावायचे. तो क्षण बाईंना फार आवडायचा. बाकी आयुष्यात त्यांना चक्रावून टाकणारं फारसं काही घडत नव्हतं.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. अंगाने काटकुळी, आणि प्रश्न असे टोचरे की सगळे तिला टाचणी म्हणत. फळीचा खेळ रंगात आलेला असताना तिने बसल्या जागेवरून विचारलं, "बाई, सगळे खिळे जीवेच्या वरच्याच बाजूला का? खाली नेला तर?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. फळी खडूच्या कठड्यावर टेकवलेली असायची म्हणून खालच्या बाजूला त्यांनी कधी खिळे ठोकलेच नव्हते. त्यांनी फळ्यावर आकृती काढली.

"हे बघ. केंद्राशी कोन ऐंशीचा. बिंदू वर असला की तो खालचा छोटा कंस कवेत घेतो, ऐंशीचा. निम्मा किती?"

"चाळीस!"

"आता बिंदू खाली, छोट्या कंसावर आणला. आता त्याच्या कवेत कोण आलं?"

"वरचा," टाचणी म्हणाली. "मोठा. दोनशे ऐंशी. म्हणजे एकशे चाळीस."

"शाब्बास. निम्मा करायचा तो समोरच्या कंसाचा. डोळे मिटून केंद्रावरच्या कोनाचा नाही."

वर्गातल्या निम्म्या पोरांच्या डोक्यावरून ते गेलं. पण बाईंच्या मनात तो प्रश्न घर करून बसला.

तीन महिन्यांनी बोर्डाकडून बंद पाकीट आलं. भूमितीची प्रश्नपत्रिका काढायला बोर्डाने तिघांना नेमलं होतं. तिघांनी तीन वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका काढायच्या, नमुना उत्तरांसह मोहोरबंद करून पाठवायच्या, आणि त्यातली एक चिठ्ठी टाकून निवडली जाणार. कुठली निवडली हे काढणाऱ्यालाही परीक्षेच्या दिवसापर्यंत कळायचं नाही. सोबत शपथपत्र होतं. हे काम आपण केलं, हे नवरा, बायको, मुलंबाळं, सहकारी यांपैकी कुणालाही, कधीही सांगणार नाही. बाईंनी सही केली तेव्हा हाताला घाम सुटला होता. इतक्या वर्षांत कुणीतरी आपल्याला एवढं मोठं समजलं, याचा तो घाम.

पण हा मान घेऊन बसायचं कुठे? घर म्हणजे दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. आतल्या खोलीत सासूबाई मांडीचं हाड मोडून सात महिने पलंगावर. बाहेरच्या खोलीत नवरा. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि घरी आला तरी ते काम त्याच्या डोळ्यांतून उतरत नसे. औषधाच्या खोक्यावरचे ऱ्हस्व-दीर्घ तो जेवताना दुरुस्त करायचा. राहता राहिलं स्वयंपाकघरातलं टेबल. बाई दुपारी शाळेतून आल्या की दार लोटून तिथे बसायच्या.

"काय एवढं लिहितेस?" नवऱ्याने एकदा चहा आत आणून दिला.

बाईंनी दोन्ही हात कागदांवर पसरले. "शाळेचं आहे."

"आण इकडे, एक नजर टाकतो. शुद्धलेखन तरी बघतो."

"नको म्हटलं ना!"

तो जरा दुखावलाच. बावीस वर्षांच्या संसारात बायकोने त्याच्यापासून कधी कागद झाकला नव्हता.

शेवटच्या दिवशी पक्की प्रत लिहिताना बाईंना टाचणीचा प्रश्न आठवला. वर्तुळाच्या प्रश्नात केंद्राशी होणारा कोन एकशे तीसचा होता, बिंदू मोठ्या कंसावर, उत्तर पासष्ट. अगदीच पुस्तकातलं. घोकणारी पोरं निवडून काढायची तर बिंदू छोट्या कंसावर हवा. बाईंनी नवी आकृती काढली, बिंदू खाली आणला, शब्द बदलले. आता उत्तर एकशे पंधरा. नमुना उत्तरांचा कागद त्यांनी पुढ्यात ओढला, आणि आतून हाक आली.

"अगं, आहेस का? पाय आखडला बघ."

"आले, आई."

पाय चोळून, उशी बदलून, भांडं देऊन त्या परत आल्या तेव्हा कुरिअरचं ऑफिस बंद व्हायला पाऊण तास उरला होता. कागद मोजले, पाकिटात घातले, लाख लावली.

परीक्षेच्या दिवशी बाई शाळेच्या गेटपाशी उभ्या होत्या. मुलं बाहेर आली. कुणाच्या तरी हातातला कागद त्यांनी पाहिला. आपलीच! चिठ्ठी आपल्याच नावाची निघाली होती, आणि हे सांगायला या जगात एक माणूस नव्हता.

टाचणी धावत आली. "बाई, पाचवा प्रश्न! पासष्ट की एकशे पंधरा?"

बाईंच्या डोळ्यांपुढे नमुना उत्तरांचा कागद उभा राहिला. स्वतःच्या अक्षरातला. शेवटच्या घाईतला बदल आनंदाच्या भरात पार विसरला होता; आकृती बघायचं त्यांना सुचलंही नाही.

"पासष्ट," त्या म्हणाल्या.

टाचणीचा चेहरा उतरला. तिने कागदाची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा घडी केली. "बरं बाई," म्हणाली आणि गेली.

उत्तरपत्रिका तपासायचं केंद्र दुसऱ्या एका शाळेच्या सभागृहात होतं. वीस परीक्षक, वीस टेबलं, खिडक्यांना जाळ्या. सकाळी नऊ वाजता शिपाईमामा सगळ्यांचे फोन पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावायचे आणि मागोमाग दाराची कडी बाहेरून घालायचे. साडेपाचपर्यंत आतली माणसं आत. हे अकरा दिवस चालायचं. नेमणूक सक्तीची, नाही म्हणायची सोय नव्हती.

पहिल्या दिवशी मुख्य परीक्षकांनी नमुना उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली. ते गृहस्थ निवृत्तीला आलेले, आवाज झोपाळू. "प्रश्न पाच. पासष्ट अंश. तीन गुण. पुढे."

"थांबा," शेजारच्या टेबलावरचे दाढीवाले सर उठले. "बिंदू लघुकंसावर आहे. समोरचा कंस दोनशे तीस. उत्तर एकशे पंधरा येतं. नमुना चुकलाय."

बाईंनी आकृतीकडे पाहिलं.  आकृती बदलली होती. उत्तर बदललंच नव्हतं.

"सर, हे वरून मंजूर होऊन आलंय," मुख्य परीक्षक म्हणाले.

"वरून आलं म्हणून वर्तुळ बदलतं का?"

हशा झाला. मुख्य परीक्षकांना तो आवडला नाही. त्यांनी सभागृहभर नजर फिरवली आणि ती बाईंवर येऊन थांबली. "हे बघा, बाई आहेत ना इथे. वर्तुळ म्हणजे त्यांचा हातखंडा. काय बाई, काय करायचं?"

एकोणीस चेहरे वळले. एक वाक्य पुरेसं होतं. सरांचं बरोबर आहे, एवढंच. पण बाईंच्या डोक्यात एकच गलका उठला. चूक आहे म्हटलं की चौकशी होणार, चौकशी झाली की काढणाऱ्याचं नाव निघणार, आणि आत्ता तोंड उघडलं तर चेहराच सगळं सांगून टाकणार.  त्या भलतंच बोलून गेल्या.

"नमुन्यात आहे तसंच जावं लागेल."

दाढीवाले सर त्यांच्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे, नवलाने. मग बसले आणि दोन दिवस त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

रोज चाळीस उत्तरपत्रिका. बाई गठ्ठ्याची दोरी सोडायच्या, लाल पेन उघडायच्या. पासष्ट लिहिणाऱ्याला तीन. एकशे पंधरा लिहिणाऱ्याला शून्य. एकशे पंधरावाले फार नव्हते, आणि जे होते ते नीट लिहिणारे होते. समोरचा कंस, त्याचं माप, त्याचं निम्मं, शेजारी कारण. त्यावर फुली मारताना बाईंचं पेन कागदात रुतायचं. त्या फुल्या मोजू लागल्या. पहिल्या दिवशी आठ. दुसऱ्या दिवशी पाच. दुपारचा डबा निम्मा तसाच घरी यायचा. घरी नवरा विचारायचा, "बरं नाही का?" त्या म्हणायच्या, "उकडतं तिथे." यापलीकडे काय सांगणार? सांगायला गेलं की शपथ मोडायची. न सांगावं तर त्या जाळीच्या खिडक्या घरापर्यंत येऊन पोहोचायच्या.

तिसऱ्या दिवशी आणखी सहा फुल्या झाल्या, एकूण एकोणीस. दुपारी एक उत्तरपत्रिका हाती आली. गिचमिड अक्षर, कुठल्या शाळेची कोण जाणे, वर नुसता सांकेतिक क्रमांक. पाचव्या प्रश्नाचं उत्तर त्या मुलाने किंवा मुलीने आधी बरोबर लिहिलं होतं. एकशे पंधरा, कारणासकट. मग त्यावर आडवी रेघ ओढली होती. एक नाही, चार रेघा, कागद फाटेपर्यंत. आणि खाली लिहिलं होतं, 'केंद्रावरच्या कोनाच्या निम्मा, म्हणून पासष्ट.'

नमुन्याप्रमाणे पूर्ण तीन गुण.

बाईंनी पेन टेकवलं आणि ते हललंच नाही. ज्या पोराला खरं कळलं होतं ते घाबरलं, आणि घाबरल्याबद्दल त्याला आपण तीन गुण देतोय. जे घाबरले नाहीत त्यांना शून्य. त्या उठल्या. खुर्ची मागे पडली तिचा आवाज सभागृहभर घुमला.

मुख्य परीक्षक खिडकीपाशी एकटेच चहा घेत होते.

"सर, पाचवा प्रश्न चुकलाय. मला खात्रीने माहीत आहे, कारण तो प्रश्न—"

"बाई," त्यांनी कप खाली ठेवला. झोपाळू आवाज एकदम जागा झाला. "ते वाक्य पुरं करू नका."

"पण सर—"

"तुम्ही पुरं केलंत तर मी ऐकलं असं होईल. ऐकलं की मला लिहून कळवावं लागेल. कळवलं की शपथ मोडली म्हणून तुमच्यावर कारवाई, ऐकून घेतलं म्हणून माझ्यावर. माझे चार महिने राहिलेत. आणि एवढं करून पोरांना गुण मिळतील याची हमी कोण देणार? तुम्ही?"

बाईंनी खिडकीच्या जाळीत बोटं अडकवली.

"हरकत घ्यायची असेल तर परीक्षक म्हणून घ्या. लेखी द्या. सह्या आणा. परवा दाढीवाले उठले होते, तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला असतात तर तेव्हाच झालं असतं." त्यांनी कप उचलला. "आता बघा."

म्हणजे परत जायचं ते त्याच दाढीवाल्यांपाशी. सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस पावलं असतील. बाईंना ती संपता संपेनात.

"सर, तुमची हरकत लेखी द्यायची. मी मजकूर लिहिते. पहिली सही माझी."

त्यांनी वर पाहिलं. "परवा तुम्हीच म्हणालात, नमुन्याप्रमाणे जा."

"चुकलं माझं."

"वर्तुळ शिकवणाऱ्या बाईचं? वर्तुळात?" ते हळूच म्हणाले. "मला नाही पटत. काहीतरी वेगळं आहे."

बाईंना वाटलं, हा माणूस एवढं ओळखतो तर याला सांगून मोकळं व्हावं. शब्द ओठांपर्यंत आले. शिपाईमामा दाराची कडी काढून चहाची किटली न्यायला आत आले, पुन्हा कडी लागली, आणि शब्द आले तसे मागे गेले.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "सही करता का?"

त्यांनी सही केली. वीसपैकी चौदा जणांनी केली. बाकीच्यांनी तोंडं फिरवली, कारण हरकत मान्य झाली तर आधीचे सगळे गठ्ठे पुन्हा उघडावे लागणार होते. चष्म्याच्या दोरीशी चाळा करत एक परीक्षिका म्हणाल्या, "आधी एक बोलायचं, मग दुसरं. आणि निस्तरायचं आम्ही!"

तोवर पाचव्या प्रश्नाचे गुण न देता गठ्ठे बाजूला ठेवायचं ठरलं. चार दिवसांनी बोर्डाचं उत्तर आलं. मुख्य परीक्षकांनी वाचलं. पाचव्या प्रश्नाला पासष्ट अथवा एकशे पंधरा, यांपैकी कोणतंही उत्तर ग्राह्य धरून पूर्ण गुण द्यावेत.

"वा!" दाढीवाले सर म्हणाले. "म्हणजे बरोबर तेही बरोबर, आणि चूक तेही बरोबर. भांडण मिटलं, भूमिती गेली."

पण एकशे पंधरावाल्यांना गुण मिळत होते, आणि बाईंना तेवढंच पुरेसं होतं. निदान त्यांनी स्वतःला तसं सांगितलं. आपले जुने गठ्ठे उघडून त्यांनी एकोणीस शून्यं खोडली, प्रत्येकाशेजारी तीन लिहून सही केली. नंतर कुरकुर करणाऱ्या दोघांचे गठ्ठेही स्वतःकडे ओढून घेतले. शेवटच्या दिवशी कडी निघाली तेव्हा सगळे भराभर बाहेर पडले. बाई पत्र्याच्या पेटीतून फोन घेऊन पायरीवर थोडा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या. 

निकालानंतर पंधरा दिवसांनी बोर्डाचं पत्र आलं. ते नेमकं नवऱ्याच्या हाती पडलं.

"हे काय? 'आपले नाव पाच वर्षांकरिता सदर यादीतून वगलण्यात येत आहे.' कसली यादी? आणि 'वगळण्यात'मधला ळ कुठे गेला? बोर्डाचं पत्र आणि ही तऱ्हा!"

यादी कसली, ते बाईंना ठाऊक होतं, प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची. त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्या टेबलाला धरून खाली बसल्या आणि रडू लागल्या. नवरा घाबरला. पाणी आणलं, पाठीवर हात ठेवला.

"अगं, काय झालं ते तरी सांग."

"नाही सांगता येत."

"मला?"

"तुम्हालाच नाही. कुणालाच नाही. विचारू नका हो."

त्याने विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तो जरा जपून बोलू लागला, दुसऱ्याच्या घरी बोलावं तसा. आतून सासूबाईंनी हाक मारली, "अगं, कोण रडतंय?" "कुणी नाही, आई," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसून आत गेल्या.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात टाचणी दाखला न्यायला आली. कार्यालयाच्या खिडकीपाशी उभी होती. उंची वाढलेली, वेणी कापलेली. गुण उत्तम मिळाले होते, गणित घेऊन पुढे शिकणार होती. बाई हजेरीपट घेऊन तिथे आल्या.

"अभिनंदन गं."

"थँक्यू बाई."

"तो पाचवा प्रश्न." बाईंनी हजेरीपट छातीशी धरला. "तुझं बरोबर होतं. एकशे पंधरा. मी तुला चूक सांगितलं."

टाचणी खिडकीच्या गजावर बोट फिरवत राहिली.

"मला माहीत होतं बाई. त्या दिवशी घरी जाऊन मी तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा एकशे पंधराच आलं. पण तुम्ही म्हणालात ना. मग मला वाटलं, मला जे कळलं असं वाटतं ते कळलेलंच नसतं." तिने गज सोडला. "दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या पेपरात मी दोन उत्तरं लिहून खोडली. दोन्ही बरोबर होती."

बाईंनी हजेरीपट या हातातून त्या हातात घेतला.

"बाई, तुम्हीच तर वर्गात शिकवलं होतंत, खालच्या बाजूचं. मग तेव्हा पासष्ट का म्हणालात?"

खरं उत्तर एका ओळीचं होतं. ते या मुलीला द्यायलाच हवं होतं, कदाचित तिलाच सगळ्यांत आधी.

"घाईत होते," बाई म्हणाल्या.

टाचणीने त्यांच्याकडे बघितलं. खिळा खाली नेला तर काय, हे विचारणारी तीच नजर. तिला ते खोटं दिसलं असावं, पण ती मोठी झाली होती, तिने टोचलं नाही. कारकुनाने दाखला खिडकीतून पुढे सरकवला. तिने तो पिशवीत घातला, "येते बाई," म्हणाली आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालत जाऊन वळली.

"बाई, हजेरीपटावर सही राहिली तुमची," कारकून म्हणाला.

बाईंनी तिथेच, खिडकीच्या फळीवर टेकवून सही केली. निवृत्तीला अजून नऊ वर्षं होती. तासाची घंटा झाली तशा त्या हजेरीपट काखेत मारून जिना चढू लागल्या. वर वर्गात नवी मुलं बाकं सरकवत होती.